एका चमच्यातले दोन च

"आपली मराठी कशी, जशी बोलतो तशी लिहितो," असं बाईंसमोर कोणी अभिमानाने म्हटलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवून मजा बघायला बसायचो. बाई त्या माणसाला आधी खुर्ची द्यायच्या, मग पाणी द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आता चमचा म्हणा."

"चमचा," समोरचा म्हणायचा.

"असं नाही. मनगट तोंडासमोर धरा आणि सावकाश म्हणा."

चांगला शहाणासुरता माणूस मनगट तोंडासमोर धरून चमचा, चमचा करत बसायचा. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात यायचं की पहिल्या 'च'ला मनगटावर पसरट ऊब लागते आणि दुसऱ्याला बारीक, गार फुंकर. पहिला च चिमणीतला, दुसरा चोरातला. दोघे एकाच शब्दात राहतात आणि लिहिताना दोघांच्या डोक्यावर एकच टोपी. त्या माणसाचा चेहरा पडला की बाई खूश. मग त्या पुढचा बाण काढायच्या. "आता चमच्यात म्हणा. बघा, चोर पळाला! दोन्ही चिमण्या झाल्या. लिहिणाऱ्याला पत्ता तरी आहे का?"

माझं तेव्हा पंचवटीत फ्लेक्स छापायचं दुकान होतं. गाळा बाईंचा, आणि बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. कर्णबधिर मुलांच्या शाळेत जन्मभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. जागा देताना त्यांनी मला दोनच अटी घातल्या होत्या. दुकानापुढे चिंध्या टाकायच्या नाहीत आणि बोलताना शब्दांची शेपटं खायची नाहीत. पहिली मी कशीबशी पाळली.

बुटकी, सडसडीत मूर्ती, सुती साडी, आणि पर्समध्ये कायम एक लाल स्केचपेन. बोलणं असं की प्रत्येक अक्षर ओठांवर ठेवून दाखवल्यासारखं. मुलांना ओठ वाचता यावेत म्हणून लागलेली ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्यामुळे गंमत व्हायची. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीला ऐकू येत नसावं, आणि तो त्यांच्याशी ओरडून बोलायचा. मग बाई आणखी सावकाश बोलायच्या, तो आणखी मोठ्याने. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या भाजीबाजारात एका मेथीच्या जुडीवरून असा तमाशा मी स्वतः पाहिला आहे.

लाल स्केचपेन होतं ठिपक्यासाठी. चोरातला च दिसला की बाई त्याच्या खाली ठिपका द्यायच्या. च़. लग्नपत्रिका, वाणसामानाच्या पिशव्या, गॅसवाल्याचं कार्ड, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, काही सुटायचं नाही. शेजारचे चौधरी एकदा गावाहून परत आले तेव्हा त्यांच्या पाटीवर ठिपका बसला होता. ते पुसायला गेले तर बाई दारात उभ्या. "पुसा खुशाल. पण मग उद्यापासून तुम्हाला चिमणीतल्या 'च'ने हाक मारीन." चौधरींनी ठिपका राहू दिला.

माझ्या धंद्याच्या तर नाकी नऊ आले. एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. खाली मजकूर, 'चौकाचा ढाण्या वाघ'. नमुना काढून टेबलावर ठेवला आणि मी चहाला गेलो, तेवढ्यात बाई खाली आल्या. माझ्या ऑपरेटरला त्यांनी ठिपके द्यायला लावले. आमच्या जुन्या फाँटमध्ये तसली सोय नव्हती, म्हणून त्याने पूर्णविराम घेऊन, बारीक करून चच्या पोटाखाली सरकवला होता. मी परत येईपर्यंत फ्लेक्स छापून झाला होता. संध्याकाळी कार्यकर्ते आले. डोक्यावर गॉगल चढवलेले तिघं जण.

"शेठ, भाऊंच्या वाघावर माशा बसल्यात का?" एकाने विचारलं.

मी काही बोलायच्या आत जिन्यावरून आवाज आला, "माशा नाहीत, उच्चार आहेत!" आणि पुढच्या पाच मिनिटांत ते तिघंही मनगटं तोंडापुढे धरून चौक, चौक करत होते. एकाने तर दुसऱ्याला सांगितलं, "अरे खरंच रे, गार लागतं." फ्लेक्स तसाच चौकात लागला. भाऊंचा फोन आला नाही, हे माझं नशीब.

फोनवरून आठवलं. एकदा आम्ही रिक्षाने चुंचाळ्याला निघालो होतो. रिक्षावाल्याने फोनवर नकाशा लावला होता आणि फोनमधली बाई रस्ता सांगत होती. तिने चुंचाळे म्हटलं, दोन्ही च चिमणीतले. आमच्या बाई पुढे वाकल्या. "बाळ, चुकलं. पुन्हा म्हण." फोन म्हणाला, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. "ते वळू आपण. आधी चुंचाळे म्हण." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने फोनच बंद केला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा रस्ता." बाईंना रस्ता माहीत नव्हता. आम्ही भलत्याच कारखान्याच्या फाटकाशी पोचलो, पण तिथल्या पहारेकऱ्याने चुंचाळे बरोबर म्हटलं म्हणून बाईंचा दिवस चांगला गेला.

सटाण्याकडचा एक भाजीवाला त्यांचा लाडका होता. तो अहिराणीत बोलायचा. बाईंनी त्याला एकदा विचारलं की तुमची बोली लिहायची झाली तर कशी लिहायची. तो कोथिंबीर झटकत म्हणाला, "आमनी बोली बोलाले शे बाई, लिखाले नही." बोलायला आहे, लिहायला नाही, हे वाक्य बाईंनी आठवडाभर भेटेल त्याला ऐकवलं. म्हणायच्या, "माणूस आधी बोलला. लिहिणं फार मागाहून आलं. अक्षर म्हणजे भिंतीतली खुंटी आहे. तिला सदरा कुठला टांगायचा, ते ज्याचं त्याला आधीपासून ठाऊक असतं."

"मग ठिपक्यांचा एवढा आटापिटा कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. "ज्याला त्याला ठाऊकच आहे ना?"

त्या वेळी बाई हसल्या नाहीत. "तुला ठाऊक आहे, कारण तू आईच्या कडेवर असताना ऐकलंस. अक्षर तुला फक्त आठवण करून देतं. माझ्या पोरांनी आधी ऐकलेलंच नसतं. त्यांना अक्षरच शिकवतं बोलायला. मग शिकवणाऱ्याने अर्धवट सांगून कसं चालेल?"

तेव्हापासून मी ठिपक्यांवरून त्यांची चेष्टा केली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. केलीच, पण जरा जपून.

हे मला नीट कळलं ते वैशालीमुळे. वैशाली बाईंची जुनी विद्यार्थिनी. जन्मापासून ऐकू येत नाही. बाईंनीच तिला एक दिवस माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हिला काम दे. तुझ्यापेक्षा बरं करील." तसंच झालं. कॉम्प्युटरवर तिचा हात असा चालायचा की मी नुसता बघत राहायचो. ती ओठ वाचायची आणि स्वतःच्या आवाजात बोलायचीही. पण गिऱ्हाइकांशी बोलणं तिने एकदम बंद केलं. कारण छोटंसं होतं. एकाला तिने फ्लेक्सचं माप सांगितलं, चार बाय सहा. चारमध्ये चोरातला च घातला. तो फिसकन हसला आणि मित्राला म्हणाला, "गुरं चारायला सांगतेय बघ." तिने ओठ वाचले. नंतर ती माप कागदावर लिहून दाखवायला लागली. कागदावर चार म्हणजे चारच.

मी मात्र तिच्याकडून हातांची भाषा शिकलो. दुपारी दुकान रिकामं असलं की आम्ही हातांनी गप्पा मारायचो. मशीनच्या घरघरीत मला तेच सोयीचं पडायचं. पण हे सगळं बाईंना चोरून. बाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या वर्गात हातवारे करायला सक्त मनाई होती. हात मांडीवर आणि डोळे माझ्या ओठांवर, हा त्यांचा कायदा. हात बोलायला लागले की जीभ आळशी होते, असं त्यांचं ठाम मत. "मराठीत म्हणच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला," त्या म्हणायच्या. "चिमणीतला च तसा होतो. चोरातल्या चसाठी जीभ दातांमागे न्यावी लागते, त्याला कष्ट आहेत." तर जिन्यावर पाऊल वाजलं की मी वैशालीला इशारा करायचो. मनगट तोंडासमोर धरून हलकीशी फुंकर. सगळ्या शाळेने बाईंना दिलेलं ते नाव होतं. बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

वैशालीचं लग्न ठरलं ते वणीच्या मुलाशी. गजानन त्याचं नाव. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला, देखणा, हसला की हनुवटीला खळी पडायची. तोही जन्मापासून न ऐकणारा. दोघांची ओळख त्यांची त्यांनीच करून घेतली होती, आणि घरच्यांनाही पसंत होतं. सगळं छान चाललेलं असताना उखाण्यावरून घोडं अडलं.

वैशालीची आत्या ही जरा पुढे पुढे करणारी बाई. बैठकीत ती म्हणाली, "उखाण्याचं टेन्शन नको. नवरीचा उखाणा मीच घेईन. उगाच चार लोकांत तिचं हसं कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वैशाली समोरच बसली होती. तिने आत्याचे ओठ वाचले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, पर्स टेबलावर आपटली आणि तडक वर गेली. मीही मागोमाग. बाईंसमोर उभं राहून ती आवाज काढून म्हणाली, "माझा नवरा. नाव मी घेणार." कितीतरी महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. घशातून खरवडून आल्यासारखा होता.

बाईंनी लगेच कागद ओढला आणि तिथल्या तिथे उखाणा रचला.

'चौकात चाफा फुलला, कौतुक चार जणांचं,
पाच जणींपुढे नाव घेते गजाननरावांचं.'

मी वाचला आणि कपाळाला हात लावला. "बाई, एवढे च? एकही च नसलेला उखाणा द्या ना. तिला सोपा जाईल."

"चोराला भिऊन घर सोडायचं का?" बाई म्हणाल्या, आणि लाल ठिपके द्यायला लागल्या. चौकात, चाफा, जणांचं, पाच, सगळ्यांना ठिपका. चारला नाही. जणींतल्या 'ज'लाही ठिपका, कारण जचंही रडगाणं तेच. शेवटी पेन गजाननावर आलं आणि थांबलं.

आता गजानन कसा म्हणायचा? संस्कृताच्या हिशोबाने ज साधा, ठिपक्याविना. पण खेड्यापाड्यात गजा म्हणताना जीभ दातांमागे जाते. बाईंनी मला विचारलं, वर चौधरींना विचारलं, भाजीवाल्यालाही विचारलं. तिघांचे तीन आवाज. बाई बेचैन. "बाकी काही चुकलं तर चालेल. नाव चुकता कामा नये. त्याच्या घरचे जसं म्हणतात तसंच यायला हवं." आणि मग म्हणाल्या, "फ्लेक्सवाले, उद्या दुकान बंद. आपण वणीला जाऊ."

म्हणजे एका ठिपक्यासाठी आम्ही एसटीने वणी गाठली.

गजाननची आई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मुलगा कामावर गेला होता. चहा आला, आणि बाईंनी विषयाला हात घातला. "तुम्ही मुलाला हाक कशी मारता? एकदा मारून दाखवा."

ती माउली गोंधळली. "हाक? त्याला कुठं ऐकू येतंय बाई?"

"तरी नाव घेत असाल ना?"

"त्याचा बाप म्हणतो गजा. आजा म्हणायचा गजानन. रेशनकार्डावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाय. मी कशाला म्हणू? मी आपली अशी करते." तिने तर्जनी उचलली आणि स्वतःच्या हनुवटीवर, मधोमध टेकवली. "बारीक असताना लय गोड खळी पडायची. मी बोट लावायची, तो हसायचा. मंग तेच पडलं. लांबून असं केलं का पळत येतो. आमच्या घरात त्याचं नाव हेच हाय."

बाईंनी कप खाली ठेवला. कपातला चहा तसाच राहिला.

आम्ही परतीची एसटी धरली. दिंडोरी मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मुलांना त्यांची नावं बोलायला शिकवली. एकालाही विचारलं नाही, की घरी तुला काय म्हणतात." मग माझ्याकडे वळून, "माझंही काही नाव ठेवलं असेल ना रे पोरांनी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पण बाईंसमोर ताकास तूर न लागू देणं मला कधी जमलं नाही. मनगट तोंडासमोर धरलं आणि फुंकर मारली. बाईंनी क्षणभर पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की कंडक्टर वळून बघायला लागला.

घरी येऊन त्यांनी वैशालीला सांगितलं की गजाननला ठिपका द्यायचा, वडील तसंच म्हणतात. आईचं काहीच बोलल्या नाहीत. पुढे लग्नापर्यंत रोज संध्याकाळी वरून आवाज यायचा, चौकात चाफा, चौकात चाफा. तो आवाज हळूहळू सुटा होत गेला. मला तर तो उखाणा झोपेतही पाठ झाला. पण वैशालीची भीती जात नव्हती. ती एकदा हातांनी मला म्हणाली, लोक हसले तर मी परत कधी तोंड उघडणार नाही. हे तिने इतकं शांतपणे सांगितलं की मी नजर वळवली.

लग्न वणीलाच झालं. मांडव भरलेला, पुढे दोन्हीकडच्या बायका, बाजूला गजाननचे न ऐकणारे मित्र, एकमेकांशी हातांनी जोरजोरात थट्टा करत. बाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर, ओठ तयार ठेवून. आत्या माइक हातात घेऊन उभी, म्हणजे वेळ आली तर उखाणा आपल्यालाच घेता यावा. "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. वैशालीने आत्याच्या हातून माइक काढून घेतला.

माइक तिने ओठांशी धरला. ती म्हणाली, "चौकात चाफा फुलला, कौतुक चार जणांचं."

आवाज तिचाच होता, खरखरीत, जरा वरच्या पट्टीतला. पण चौक बरोबर होता, चाफा बरोबर होता, चार तर लखलखीत. कोणी हसलं नाही. बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"पाच जणींपुढे नाव घेते," ती म्हणाली. आणि थांबली.

"गजाननराव," आत्या कुजबुजली. "म्हण की, गजाननराव!"

वैशालीने आत्याकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. माइक खाली केला, गजाननकडे वळली आणि बोट हनुवटीवर टेकवलं.

एवढा वेळ बिचारा गजानन लोकांची तोंडं बघत भांबावून उभा होता. त्याने ते बोट पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. खळीसकट हसला. बाजूला त्याच्या मित्रांचे हात हवेत जाऊन हलायला लागले, त्यांच्या टाळ्या तशाच.

"अगं पण नाव कुठे घेतलं?" आत्या म्हणाली. "ऐकू तर काहीच आलं नाही."

"ज्याला यायला पायजे त्याला आलं ना!" गजाननची आई डोळे पुसत ओरडली. "घेतलं नाव! माझ्या लेकाचं खरं नाव घेतलं तिनं!"

बायकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे चालतं, कोणी म्हणे असं कुठे असतं का. शेवटी आत्या बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही शिकवलंत ना तिला? तुम्हीच सांगा. हा उखाणा झाला का?"

सगळा मांडव बाईंकडे बघायला लागला. वैशालीही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिचे हात मांडीवर नव्हते.

बाई उठल्या. प्रत्येक अक्षर ओठांवर ठेवून दाखवत म्हणाल्या, "उच्चार अगदी स्वच्छ आहे."

मग वैशालीकडे वळल्या. "बाळ, पुन्हा एकदा म्हण. मागच्यांना दिसलं नाही."